हवालदारांचा जिना

गणवेश दिसला की हवालदार ताठ उभे राहत. गणवेश कोणाचा, हे ते पाहत नसत. टपालवाला, ट्रामचा कंडक्टर, रेल्वेचा तिकीट तपासनीस, एकदा तर हॉटेलच्या दारावरचा पितळी बटणांचा दरवान. समोरच्याच्या अंगावर बटणे आणि डोक्यावर टोपी असली की हवालदारांच्या टाचा जुळत, हनुवटी वर जाई आणि दोन्ही हात पाटलोणीच्या शिवणीला चिकटत. सलाम मात्र ते कधी करत नसत. कारण विचारले तर म्हणत, "सलामाचा हक्क गेला माझा. नुसतं हुबं राह्यला कोण आडवतंय?"

आम्हा पाच-सहा मराठी विद्यार्थ्यांना याची लाज वाटे. साठच्या दशकाची ती पहिली वर्षे होती. आम्ही श्टुटगार्टला शिकत होतो. कोणी यंत्रे, कोणी रसायने, मी छपाई. परक्या मुलखात आपण कसे दिसतो याची आम्हाला फार काळजी असे. ट्राममध्ये पंचेचाळिशी ओलांडलेला एक सावळा माणूस कंडक्टरसमोर खाडकन उभा राहिला की सगळा डबा आमच्याकडे पाही. कंडक्टर गोंधळून म्हणे, "बसा, बसा." हवालदार बसत नसत. आमच्यातला एक जण मग दुसऱ्या दाराने चढू लागला, आपण एकत्र आहोत हे कोणाला कळू नये म्हणून. हवालदारांनी ते ओळखले. पुढच्या वेळेपासून ते स्वतःच मागच्या डब्यात जाऊ लागले.

हवालदार हे नाव आम्ही ठेवलेले. पलटणीत ते नाईक होते, त्याच्या वर गेले नव्हते. पहिल्याच भेटीत त्यांनी ते सांगितले आणि ही बढती काढून घ्या असा आग्रहही धरला. पण नाव चिकटले. ते साताऱ्याकडचे, घरटी एक माणूस फौजेत असलेल्या गावचे. थोरले भाऊ सुभेदार होऊन पेन्शनीत निघालेले. हवालदार इंग्रजांच्या फौजेतून आफ्रिकेच्या वाळवंटात लढले, तिथे जर्मनांच्या हाती सापडले आणि कैदी म्हणून जर्मनीत आले. छावणीत हिंदी कैद्यांना विचारण्यात आले, इंग्रजांविरुद्ध लढायला एक हिंदी पलटण उभी राहते आहे, येता का. हवालदार गेले. त्यांनी जर्मन गणवेश घातला आणि नवी शपथ घेतली. युद्ध संपता संपता ती पलटण फुटली आणि स्वित्झर्लंडच्या वाटेवर पळताना ते पकडले गेले. इंग्रजांनी त्यांना हिंदुस्थानात नेऊन चौकशी केली आणि सोडून दिले. नोकरी गेली, पेन्शन गेली. गावात कोणी काही बोलले नाही. सुभेदारांनी मात्र त्यांचे ताट वेगळ्या ओळीत वाढायला सांगितले.

आमच्यातल्या एकाने त्यांना एकदा सुनावले, "अहो, मग तुम्ही स्वातंत्र्यसैनिक झालात की. शहरात असता तर हार घातले असते लोकांनी."

हवालदारांनी हसून मान हलवली. ते मला नेहमी 'छापखाना' म्हणत. माझ्याकडे वळून म्हणाले, "खरं सांगू का छापखाना? त्या दिवशी मला देश आठवला का भूक, ह्ये माझं मलाच आजवर ठरवता आल्यालं न्हाई." आणि थोड्या वेळाने, "दोन शपथा घेतल्या, दोन्ही मोडल्या. तिसऱ्या खेपंला मी त्वांड उघडनार न्हाई."

पन्नासच्या दशकात बोटीवर खलाशाचे काम करून ते पुन्हा जर्मनीत उतरले. त्याला कारण होते. पलटण डोंगराळ भागात असताना जवळच्या गावातली हिल्डे नावाची मुलगी त्यांना भेटली होती आणि युद्ध संपले त्या वर्षीच्या शरदात तिला मुलगा झाला होता. हिल्डे बनियनच्या कारखान्यात शिवणकाम करत होती. हवालदार दारात उभे राहिले तेव्हा मुलगा शाळेत जाऊ लागला होता. पुढे श्टुटगार्टजवळच्या झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात हवालदारांना पत्रे घासण्याचे काम मिळाले आणि तिघे त्या गावात राहायला आली.

आम्ही तिला वहिनी म्हणत असू. शब्दाचा अर्थ तिने विचारून घेतला होता, आणि कोणी विसरून 'फ्राऊ', म्हणजे बाई, म्हणाले की ती त्याच्या ताटात कमी वाढी. शनिवारी दुपारी आमच्यापैकी एखाद-दुसरा जेवायला असेच. तिकडच्या लोकांची मसुराची एक उसळ असते, ती पिठाच्या शेवयांसारख्या तुकड्यांवर घालून खातात. हवालदार तिला वरून फोडणी देत. लोणच्यासाठी म्हणून दुकानात मोहरी मिळे. फोडणी तडतडली की खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ माउरर छताला काठीने ठोकत. हवालदार वरून म्हणत, "हो, हो, झालं." फ्राऊ माउरर विधवा होत्या आणि त्या जिन्यात काय चालावे हे त्याच ठरवत.

वहिनी म्हणत असलो तरी त्या दोघांचे लग्न झालेले नव्हते. खाली दाराच्या घंटीपाशी पितळी पट्टीवर हिल्डेचे आडनाव होते आणि तिच्याखाली कागदाच्या चिठ्ठीवर हवालदारांचे. घंटीपाशी अशी चिठ्ठी असली की हा पोटभाडेकरू, हे तिकडे सगळे समजतात. लग्नाशिवाय एका घरात राहणे त्या काळी तिथल्या कायद्याला चालत नव्हते, म्हणून घरात हवालदारांची वेगळी खोलीही होती. तिथे इस्त्रीचे कपडे ठेवत. लग्न का करत नाही, असे विचारले तर हवालदार तिसऱ्या शपथेचे सांगत. खरे कारण वहिनीने सांगितले. लग्न केले असते तर मुलगा कायद्याने बापाचा झाला असता आणि बापाच्या देशाचाही. बाप अज्ञात राहिला तरच तो आईचा आणि म्हणून जर्मन. दोघांनी मिळून बाप अज्ञात ठेवला होता.

मुलाचे नाव डीटर. हवालदार त्याला 'बाळू' म्हणत आणि त्याच्याशी साताऱ्याची मराठी बोलत. तो सगळे समजे आणि उत्तर जर्मनमध्ये देई. रंगाने तो आईपेक्षा बापाकडे गेलेला, उंचीने दोघांच्याही पुढे. गणितात वर्गात पहिला. त्याला विमाने बांधायची होती.

हवालदारांच्या हातचा जिना पाहायला मात्र शेजारच्या घरांतून लोक येत, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही. त्या भागात जिना झाडण्या-पुसण्याचा आठवडा घराघरांत वाटून दिलेला असतो. त्याला 'केअरवोख' म्हणतात. ज्या घराचा आठवडा, त्या घराच्या दाराला एक लाकडी पाटी टांगतात. काम नीट झाले की पाटी पुढच्या दाराला जाते. हे काम बायकांचे समजले जाई. वहिनीच्या दाराला पाटी लागली की हवालदार शनिवारी सकाळी बाह्या सारून निघत. वरून खाली, पायरीच्या कोपऱ्यापासून मध्याकडे, मग ओले फडके, मग कोरडे. शेवटी कठड्याच्या लोखंडी फुलांना तेलाचे बोट. फ्राऊ माउरर दार किलकिले करून पाहत आणि काही न बोलता लावून घेत. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी त्या घरात कोणाला मिळालेली नव्हती.

"बाई मान्साचं काम करता व्हय?" असे त्यांना मीच एकदा त्यांच्या भाषेत चिडवले. ते म्हणाले, "फौजेत बाई न्हवती छापखाना. सगळं आमीच करायचो. आन ह्यो जिना हाय म्हून या घरात मी उजळ माथ्यानं दिसतो. बाकी येळ भाडेकरू."

डीटर शाळेच्या शेवटच्या वर्गात गेला तेव्हा शाळेत सैन्याचा एक अधिकारी येऊन बोलून गेला. सैन्याने निवडलेल्या जर्मन नागरिक मुलांना सैन्याच्याच खर्चाने तांत्रिक विद्यापीठात शिकता येणार होते. त्याआधी शिक्षणाचा काळ, शपथ, आणि पदवीनंतर अधिकारी म्हणून ठरावीक वर्षे नोकरी. हिल्डेच्या आणि हवालदारांच्या पगारात विद्यापीठ बसत नव्हते. डीटरने घरी येऊन सांगितले, तेव्हा मी जेवायला होतो. वहिनीने नाही म्हटले. तिच्या घरातले दोन भाऊ युद्धावरून परत आले नव्हते. ती म्हणाली, "या घरात गणवेश पुरे झाले."

हवालदार बराच वेळ शेवया चिवडत राहिले. मग म्हणाले, "ह्या घरात एक तरी शपथ पुरी व्हायला पायजेल, हिल्डे. माझ्याच्यानं झाली न्हाई. त्येच्याच्यानं व्हईल."

"आणि ते विचारतील, बाप कोण?"

"सांगंल की. म्येला म्हणंल."

डीटरने मान वर केली नाही. जर्मनमध्ये म्हणाला, "ते जमणार नाही मला."

"जमतंय. मी शिकवतो."

आणि त्यांनी खरोखर शिकवले. पुढचे काही शनिवार स्वयंपाकघरात कवायत चालू होती. डीटर खिडकीला पाठ करून उभा. हवालदार ओट्यापाशी, निवड मंडळाचे अध्यक्ष. ते दोनच प्रश्न विचारत. पहिला, वडील कुठे आहेत. उत्तर: हिंदी सैनिक होते, लग्नाआधीच युद्धाच्या शेवटी पडले. हे डीटरला लवकर जमले. न पाहिलेल्या सैनिकाविषयी बोलायचे होते. दुसरा प्रश्न, तुमच्या घरी राहणारा तो परदेशी माणूस कोण. उत्तर: आमचा भाडेकरू.

हे त्याच्या तोंडून निघत नसे. 'आमचा'पर्यंत येई आणि थांबे.

"पुन्यांदा," हवालदार म्हणत.

"आमचा..."

"माझ्याकडं बगू नगंस. भिताडाकडं बगून म्हण. पुन्यांदा."

एकदा डीटर रडला. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, दाढी फुटलेला. वहिनी उठून इस्त्रीच्या खोलीत गेली. मी टोपी घेऊन निघालो, तर हवालदारांनी मला जिन्यात गाठले. "लबाडीवर शपथ घेनार हाय पोरगं, ह्ये मला कळत न्हाई आसं समजू नगंस," ते म्हणाले. "पन माझी पयली शपथ खऱ्या नावानं घेतली हुती, दुसरीबी खऱ्या नावानं. काय उपेग झाला?"

परीक्षेसाठी डीटर कोलोनला जाऊन आला. धावणे, गणित, निबंध, मुलाखत. मुलाखतीत वडिलांविषयी विचारले, तो न चुकता बोलला. मंडळातला एक जण सहानुभूतीने "अच्छा" म्हणाला. दुसरा प्रश्न कोणी विचारलाच नाही. हवालदारांना त्याचे समाधान वाटण्याऐवजी चिंता वाटली. "इचारतील," ते म्हणाले. "फौज घरी येऊन बगती. आमच्या टायमाला पाटलाला इचारायची."

ते बरोबर होते. फक्त ते गणवेशाची वाट पाहत होते.

तो शनिवार वहिनीच्या पाटीचा होता. मी खालच्या दारातून आत आलो, तेव्हा जिन्याच्या पायथ्याशी राखी ओव्हरकोट आणि हॅट घातलेला एक माणूस कातडी बॅग घेऊन उभा होता. वर चौथ्या-पाचव्या पायरीवर हवालदार गुडघ्यावर बसून फडके फिरवत होते.

"जरा थांबा, साहेब," हवालदार मान न उचलता जर्मनमध्ये म्हणाले. "ओलं आहे. पाय उमटतील."

माणूस थांबला. त्याने हॅट काढली. "छान करता."

"हे बघा, कोपरे महत्त्वाचे. मधलं कोणीही पुसतं."

"तुमचा आठवडा आहे वाटतं?"

"हो. आमचा."

"कुणाचा?"

हवालदारांनी तेव्हा वर पाहिले. माणसाने खिशातून ओळखपत्र काढून धरले होते. ते सैन्याच्या कचेरीचे होते. हवालदार फडक्यासह उठले, टाचा जुळल्या. फडक्यातले पाणी पुसलेल्या पायरीवर ठिबकू लागले.

"तुम्ही कोण या घरातले?"

"भाडेकरू. वर, फ्राऊ हिल्डेकडे."

"पोटभाडेकरूला जिन्याचा आठवडा नसतो," माणूस म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. तो त्याच भागातला असावा; ही गोष्ट त्याला कोणी शिकवावी लागली नव्हती. "आठवडा कुटुंबाचा असतो."

वरच्या वळणावर डीटर येऊन उभा राहिला होता. त्याच्या हातात पॉलिश करायचा एक बूट होता. माणसाने त्याच्याकडे पाहिले, मग हवालदारांकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. दोघांचे नाक एकच होते. ते आम्हाला इतके सवयीचे झाले होते की त्याचा विचार कोणी केला नव्हता.

"डीटर ना तुम्ही?" माणसाने वर पाहून विचारले. "हे गृहस्थ कोण तुमचे?"

स्वयंपाकघरात इतके शनिवार घोटलेला प्रश्न तो हाच. डीटरने तोंड उघडले. "आमचा..." म्हणाला, आणि थांबला.

त्याच वेळी फ्राऊ माउरर यांचे दार पूर्ण उघडले. त्या ॲप्रनला हात पुसत बाहेर आल्या आणि ओव्हरकोटवाल्याच्या बुटांकडे पाहत म्हणाल्या, "भाडेकरू आहे तो. आणि आठवडा मीच त्याला करायला लावला. त्या बाईला कोपरे दिसत नाहीत. माझ्या जिन्यात एक तरी माणूस नीट झाडणारा नको का?"

"आणि मुलाचे वडील?"

"मेले ना युद्धात. सगळ्या घराला माहीत आहे. तुम्ही पाय पुसलेत का?"

माणसाने पाय पुसले. वर जाऊन त्याने कॉफी घेतली, वहिनीच्या कामाची चौकशी केली, इस्त्रीच्या खोलीत डोकावला. तिथल्या पलंगावर घडी केलेल्या कपड्यांचा ढीग होता. त्याने त्याविषयी काही विचारले नाही. जाताना जिन्यात हवालदार भिंतीला लागून उभे होते. त्यांच्यापाशी तो थांबला आणि हॅट घालता घालता म्हणाला, "पुढच्या वेळी जिना बाईंना करू द्या. भाडेकरूने भाडेकरूसारखे राहावे. आणखी कोणी येईल तर ते माझ्यासारखे थांबतीलच असे नाही."

"जी साहेब," हवालदार म्हणाले.

वहिनीने संध्याकाळी फ्राऊ माउररना केक नेऊन दिला. त्यांनी घेतला, पण म्हणाल्या, "माझे आभार नकोत. कोपऱ्यांचं मी खरंच सांगितलं."

पुढच्या आठवड्यात हवालदार कारखान्याच्या वसतिगृहात राहायला गेले. तिथे बहुतेक इटालियन कामगार होते. जाताना त्यांनी घंटीजवळची चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि खाली राहिलेला डिंक थुंकी लावून पुसला. पितळी पट्टीखाली एक उजळ चौकोन उरला. डीटर सामान घ्यायला पुढे झाला, तर ते त्याला जर्मनमध्ये म्हणाले, "राहू द्या, डीटरसाहेब." त्या दिवसापासून ते त्याच्याशी मराठी बोलले नाहीत. तोंडाला सवय लागली की ती कुठेही बाहेर पडते, असे त्यांचे म्हणणे. 'बाळू' मी त्यानंतर ऐकले नाही.

वसतिगृहाचा जिना ते झाडू लागले. तिथे आठवडे नव्हते, पाटीही नव्हती. इटालियन पोरे हसत आणि मुद्दाम राख टाकत. इकडे वहिनी स्वतः जिना पुसू लागली आणि फ्राऊ माउरर काठीने ठोकून "कोपरे" म्हणू लागल्या. घरी आता फोडणी होत नव्हती. मी एक-दोनदा जेवायला गेलो. जेवताना चौघांचे बोलणे तिघांत वाटून घ्यावे लागे. मग मी जाणे कमी केले.

डीटरची निवड झाली. ही बातमी हवालदारांना मी सांगितली. ते पत्रे घासून आले होते, अंगावर पांढरी धूळ होती. त्यांनी ऐकले, मान हलवली आणि विचारले, "भाडेकरूचं म्हनायला जमतंय का आता?"

शपथविधी दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात होता, डोंगरातल्या एका छावणीत. त्या डोंगरात हवालदार पूर्वी राहिले होते. बसमध्ये ते खिडकीबाहेर पाहत होते. नातलगांना आत जागा होती. वहिनीने सोबत फ्राऊ माउररना नेले. त्यांनी काळा रेशमी पोशाख घातला होता आणि दारावरच्या शिपायाला आपण मावशी आहोत असे सांगितले. हवालदार आणि मी कुंपणाबाहेर, बसथांब्यापाशी उभे होतो. आतून बँड ऐकू आला, मग हुकूम, मग शेकडो मुलांचा एक आवाज. शब्द वाऱ्याने तुटत होते. मी हवालदारांकडे पाहिले. त्यांनी ओठ इतके घट्ट मिटले होते की भोवती पांढरे पडले होते.

कार्यक्रम संपल्यावर मुले घरच्यांबरोबर गावाकडे निघाली. रस्ता बसथांब्यावरूनच जात होता. डीटर दोन सोबत्यांबरोबर पुढे चालत होता, वहिनी आणि फ्राऊ माउरर मागे. नव्या गणवेशात तो मोठा दिसत होता. हवालदार नेहमीप्रमाणे ताठ झाले. पण या वेळी त्यांचा उजवा हात शिवणीवरून सुटला, वर गेला आणि भुवईपाशी थांबला. इतक्या वर्षांत मी त्यांना सलाम करताना प्रथमच पाहत होतो. जुना ओव्हरकोट, उघडे डोके आणि इंग्रजी फौजेचा, तळवा समोर दाखवणारा सलाम.

सोबत्यांपैकी एक जण हसला. "हा कोण रे? ओळखतोस?"

डीटरने चालण्याचा वेग कमी केला नाही. नियमाप्रमाणे सलामाला सलाम दिला आणि म्हणाला, "आमचा भाडेकरू. जुना."

"वेडा आहे का?"

"अगदी," डीटर म्हणाला, आणि ते पुढे गेले.

वहिनी रस्त्याकडे पाहत गेली. फ्राऊ माउरर मात्र थांबल्या, हवालदारांचा हात हातात घेऊन त्यांनी दोनदा हलवला आणि वहिनीला गाठायला निघाल्या.

"बगितलंस?" हवालदार मला म्हणाले. "आडकला न्हाई." त्यांचा चेहरा उजळला होता. बराच वेळ ते तेच बोलत होते. आपण सलाम का केला हेही त्यांनी सांगितले. सलाम गणवेशाला असतो, तो घेणाऱ्याला कोणी नाते विचारत नाही. हे त्यांच्या आधी लक्षात आले नव्हते. बस आली तेव्हा मी त्यांच्या दंडाला धरून त्यांना चढवले. कंडक्टर समोर होता. त्याच्यापुढे ते उभे राहिले नाहीत. खिडकीशी जाऊन बसले.

माझे शिक्षण संपले आणि मी परत निघालो, तेव्हा ते श्टुटगार्टच्या स्टेशनावर आले होते. कामाच्या कपड्यांतच होते. साताऱ्याला जाणार का, असे त्यांनी विचारले. मी हो म्हणालो.

"मग दादांना भेट. माझे थोरले भाऊ. बरा हाय म्हनून सांग. काम हाय म्हनून सांग."

"आणि डीटरचं?"

"त्येचं काय? डीटर कोन?" त्यांनी मला फलाटावरच्या खांबाकडे तोंड करून उभे केले. "मी इचारतो हां. मी दादा. काय हो पावनं, आमच्या धाकल्याला मूलबाळ?"

"हवालदार, काहीतरीच काय?"

"कळलं तर पत्र लिहितील. त्येला लिहितील. म्हंजी सगळं गेलं. पुन्यांदा. आमच्या धाकल्याला मूलबाळ?"

"नाही."

"लई येळ लागला. पुन्यांदा."

गाडी सुटेपर्यंत ते माझ्याकडून म्हणवून घेत होते. मग हिरवी झेंडी घेऊन गार्ड आला आणि हवालदार ताठ उभे राहिले. मी त्यांना पाहिले ते तेवढेच. ते दशक संपण्यापूर्वी ते वसतिगृहात वारले. मला ते वहिनीकडून कळले.

पण मी सुभेदारांकडे गेलो ते त्याच्या आधी, परतल्यावर काही आठवड्यांतच. तोवर मला वर्तमानपत्रात नोकरी लागली होती. घर मोठे होते, भिंतीवर पदकांची चौकट होती. सुभेदार सत्तरीकडे झुकलेले, खाटेवर बसून होते. मी निरोप सांगितला. त्यांनी भावाची प्रकृती विचारली, काम विचारले, तिकडे थंडी किती असते ते विचारले. मग त्यांनी शेजारची काठी हातात घेतली.

"लगीन केलं न्हाई त्यानं?"

"नाही."

"मूलबाळ?"

"नाही," मी म्हणालो. मी अडखळलो नाही.

सुभेदारांनी मान हलवली. त्यांनी सुनेला हाक मारून पाहुण्याला जेवायला वाढायला सांगितले. मग हातातली काठी भिंतीला टेकवत म्हणाले, "बरं झालं. म्हंजी ही लाज त्येच्याबरुबरच सरंल."